फेस्टीसाठी न लिहिलेला विलाप

फेस्टी ओ मालिनला कोणी मारले? ज्याने गोळी झाडली त्याने, जिच्या तोंडून त्याचे नाव निघाले त्या माझ्या आत्याने, की ते नाव वहीत उतरवणाऱ्या मी? मला उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते.

मी शिबेल नी ख्वालॉन, वय तेवीस, शाळेतली मास्तरीण, आमच्या घरातली पहिली पदवीधर, राहणार कॅरिगमोर, परगणा गॉलवे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहिण्याची जबरदस्ती कोणी केलेली नाही. धमकी आहे, पण ती गप्प बसण्याची. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आजोबांचे हस्तलिखित, जुन्या वीरकथांचे आणि कवनांचे. इंग्रज सैनिकांनी छप्पर पेटवले तेव्हा आईने ते लोण्याच्या पिंपात घालून वाचवले, म्हणून पानांना वास येतो. ते शाळेला द्यावे. कपाटात ठेवू नये, मुलींनाही मोठ्याने वाचू द्यावे. वीरकथा पुरुषांनीच सांगायच्या असे आमच्याकडे मानतात. मी वर्गात सांगितल्या. आभाळ कोसळले नाही.

२. तांबड्या गाईतला माझा वाटा आईला.

३. पदवीचा काळा झगा. आईने त्याचा फेस्टीच्या मुलीसाठी कोट शिवावा. त्याची बायको ओनर नको म्हणेल, म्हणून तिला विचारू नये. दारात ठेवून यावे.

४. मासिकातले एक पान. मधोमध भोक आहे आणि कडा तपकिरी झाल्या आहेत. ते माझ्याकडे कसे आले ते सांगायला हवे.

फेब्रुवारीत सैनिकांनी माझा भाऊ कोलमन याला लॉरीमागे बांधून चुनाभट्टीपर्यंत फरफटत नेले. घरी आणला तेव्हा चेहरा उरला नव्हता. आईने त्याला वाकड्या करंगळीवरून ओळखले. नॅपी आत्याने विलाप केला. विलाप करणारी बाई मयताशी बोलते, त्याला ऊठ म्हणते, मारणाऱ्यांना शाप देते आणि त्या भरात तोंडाला येईल त्याचे नाव घेते. आत्याने फेस्टीचे घेतले: यानेच सैनिकांना वाट दाखवली. कुरणाच्या बांधावरून दोघांचे दहा वर्षांचे वैर. फेस्टी तिथेच पाइप ओढत बसला होता.

"नॅपी, आज गळा बरा लागलाय तुझा," तो म्हणाला आणि उठून शवपेटीला खांदा दिला.

मी कोपऱ्यात बसून शब्द न् शब्द लिहीत होते. कॉलेजात आम्ही असे जुने विलाप छापील पाहिले होते. हा तरी हरवू नये, एवढेच डोक्यात होते. शहरातल्या मासिकाने तो छापला, पहिले बक्षीस दिले.

एप्रिलमध्ये, सैनिकांशी लढणाऱ्या आमच्याच पोरांच्या नायकाने तो वाचला. शहरातला माणूस, वर्गात बसून आमची भाषा शिकलेला. फेस्टीला त्याच भट्टीवर गुडघ्यांवर बसवले आणि तोंडात गोळी घातली. हे पान छातीला टाचले. त्याच्यासाठी कोणी रडायचे नाही, असा हुकूम सुटला. आमच्या गावात विलापाविना पुरलेला तो पहिला माणूस.

मी नायकाकडे गेले. "ती कविता होती. साक्ष नव्हती."

"मग बाई, बक्षीस कशाला घेतलंत?"

आत्या चुलीसमोरून उठलीसुद्धा नाही. "अगं पोरी, मयतातलं बोलणं मयताबरोबर मातीत जातं. तू ते घरी कशाला नेलंस?"

ओनरने पान माझ्या हातात कोंबले. "तुझं आहे ना? घेऊन जा. माझ्या घरात नको."

हे पान या मृत्युपत्राला कायमचे जोडावे. ते वाचणाऱ्याने आधी हे वाचावे: कोलमनला मारले त्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशीही फेस्टी बेटांकडे समुद्रात होता. बरोबर होडीवाला मर्टी होता. भीतीने तो पाच महिने गप्प बसला. त्याला दोष देणारी मी कोण? मासिकालाही मी हे लिहून कळवले आहे.

५. बक्षिसाचे चांदीचे पेन. याच पेनाने हे लिहिते आहे. सह्या झाल्या की समुद्रात टाकावे.

६. नायक म्हणाला होता, "चारचौघांत बोललीस तर पुढचं पान तुझ्या छातीवर." तसे झाले तर माझ्यासाठी कोणाचाही जीव घेऊ नये. गोळी झाडणाऱ्याचे नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलेल्या नावाचे काय होते ते मी पाहिले आहे.

शेवटचे. आज प्रार्थना सुटल्यावर नॅपी आत्या आणि मी चर्चच्या फाटकाशी उभ्या राहिलो आणि फेस्टीसाठी विलाप केला. मर्टीने टोपी काढून होडीतले ते दोन दिवस सांगितले. गोळी झाडणाऱ्याचे नाव आत्याने तीनदा घेतले. तो भिंतीपाशी उभा होता. ओनर आधी पाठ फिरवून होती, मग आमच्यात येऊन उभी राहिली. त्या विलापातला एकही शब्द मी लिहून घेतला नाही.

सही: शिबेल नी ख्वालॉन

आमच्यासमोर सही केली. यातले आम्हा दोघांना काहीही मिळायचे नाही:
मॅथिअस ओ लाइ, मुख्याध्यापक
मर्टी ओ फ्लाहर्टा, होडीवाला (फुलीची निशाणी)

कॅरिगमोर, रविवार, २५ सप्टेंबर १९२१