सातव्या ठोक्याची जागा

४ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वीस मिनिटं आधी पोचले. ताईला सांगितलं तर म्हणाली, घड्याळ बिघडलं असेल. तिच्याकडे राहायला येऊन तीनच दिवस झालेत, पण मागची खोली आत्ताच माझी वाटायला लागली आहे. तिने खिडकीला नवा पडदा लावलाय, टेबलावर दिवा ठेवलाय. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहावीत होते. पुढचं सगळं हिनेच केलं. हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांची हाडं बघते आणि घरी आली की माझी किती हाडं वर आलीत यावर व्याख्यान देते.

कामाची जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. गाण्यांच्या जुन्या टेप संगणकावर उतरवायच्या आणि साफसूफ करून द्यायच्या. भिंतींना जाड फोम आहे, खोकलं तरी खोकला तिथेच जिरतो. माझ्याशिवाय एकच माणूस. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. आयुष्यात कधी वर्गावर उभे राहिले नाहीत, पण समोरच्याची एखादी चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. डावा कान कामातून गेलाय. म्हणतात, उजवा दोघांचा पगार घेतो. त्यांनी पहिल्याच तासाला नियम सांगितला: टेप जिथे गप्प बसते तिथे आपण बोलायचं. आवाज तुटला असेल तर त्याच गाण्यातला तसाच तुकडा उचलायचा आणि भोक बुजवायचं. सापडला नाही तर स्वतः वाजवून भरायचा. भोक तसंच गेलं तर नाक आपलं कापलं जातं.

मला हे काम मनापासून आवडणार आहे. ताई म्हणतेच, तू लोकांच्या बोलण्यातलीसुद्धा भोकं बुजवतेस.

६ मार्च, बुधवार

आज प्रेमात पडले! एका बँडच्या.

नाव ‘अमावास्येची भाचरं’. गुरुजींनी लगेच विचारलं, मग मामा कोण? आणि स्वतःच हसले. खोक्यावर चौघांचा फोटो आहे: काळे कपडे, डोळ्यांत हे एवढं काजळ, गळ्यात साखळ्या. मयताहून परत येताना बस चुकल्यासारखी उभी आहेत. तीस वर्षांपूर्वी सात गाण्यांची एकच टेप काढली आणि गायब झाली. मी हसत हसतच हेडफोन लावला आणि दुपारचा डबा खायचा विसरले.

पुढे चालतो तो खर्जातला बेस. गिटार मागे, बारीक, लांबून येणारी. आणि ती गायिका! बाईचा आवाज इतका खाली उतरू शकतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच गाण्यात म्हणते, दिवा नको लावूस, मी ओळखीची आहे. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पंधरा वर्षांची असते तर आजच्या आज केस काळे-निळे करून घेतले असते. माणसाला तेहतिसाव्या वर्षी नवा आवडता बँड मिळतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन ताईचं डोकं खाल्लं. ती म्हणाली, बरं झालं बाई, कशात तरी जीव रमला तुझा.

ड्रम वाजवणारा माणूस नाही, यंत्र आहे. आठ ठोक्यांचं आवर्तन. पण दर आवर्तनात सातवा ठोका नाही. सहा पडतात, मग पोकळी, मग आठवा. अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं वाटतं. मला तीच जागा सगळ्यात आवडली.

८ मार्च, शुक्रवार

सातही गाण्यांत सातवा ठोका नाही. गुरुजींनी उजवा कान लावून ऐकलं आणि निकाल दिला: यंत्र बिघडलेलं होतं, भरून टाक. मी म्हटलं, मला ती पोकळी आवडते. ते म्हणाले, आवड घरी, नियम इथे.

पहिल्या गाण्यातला सहावा ठोका उचलून सातव्या जागी ठेवला. संगणकाच्या पडद्यावर त्याची रेघ नीट दिसते, पण ऐकूच येत नाही. पाचवा ठेवला, तोही मुका. शेवटी मायक्रोफोन समोर घेतला आणि टेबलावर मूठ आपटली. हलकी आपटली तर मुकं. जोरात आपटली तेव्हा बसला. असा बसला की तीस वर्षं तिथेच होता असं वाटावं.

बोटांची कातडी थोडी सोलली. गुरुजींनी पहिल्यांदाच चूक काढली नाही.

११ मार्च, सोमवार

दुसरं गाणं. शुक्रवारचाच ठोका इथे वापरला तर तो मुका! एकदा वापरलेला चालत नाही. टाळी, खोकं, जाडजूड पुस्तक, दाराला लाथ, सगळं करून पाहिलं. तीन तास गेले. मी मुळात तापट आहे, पण आज वेगळंच होतं. राग डोक्यात नव्हता, उजव्या मनगटात होता. तिथे सहा ठोके पडायचे आणि मनगट थांबायचं, वाट बघत.

रेकॉर्डर खिशात टाकून हात धुवायला गेले. आरशात माझा चेहरा दिसला आणि मी त्याच्या मधोमध ठोसा मारला.

तो ठोका बसला. काचांच्या आवाजासकट. हाताला पाच टाके. ताईला सांगितलं, पाय घसरला. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. हाडांबद्दल खोटं बोलणाऱ्यांना ती रोज बघते.

१३ मार्च, बुधवार

तिसरं गाणं. काच नको, लाकूड नको. मऊ काहीतरी, आत हाड असलेलं. हे मला कुणी सांगितलं नाही, मनगटाला ठाऊक होतं. खाटकाकडून अख्खी मांडी आणली आणि ऑफिसातल्या लोखंडी रॉडने मारली. पहिल्याच फटक्याला बसला. तरी मी थांबले नाही. फोमवर शिंतोडे उडाले. गुरुजी दारात उभे होते. चहाचा कप तसाच घेऊन परत गेले.

नंतर फोम पुसताना लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, बरंही वाटलं.

१४ मार्च, गुरुवार

चौथं. खिडकीच्या कट्ट्यावर कबुतर बसलं होतं.

मला ते लिहायचं नाही. ते उबदार होतं एवढंच लिहिते. ठोका बसला. इतका सुंदर बसला की मी रडले आणि रडत रडत गाणं पुन्हा लावलं.

हे थांबवायला हवं. उद्या गुरुजींना सांगते की हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

१५ मार्च, शुक्रवार

रजा घेतली. हेडफोन आणि घरी आणलेली गाण्यांची प्रत कपाटात टाकून किल्ली ताईच्या पर्समध्ये ठेवली. उपयोग नाही. गाणं आता मनगटातच वाजतं. सहा. थांबतं. सहा. थांबतं.

संध्याकाळी ताई माझ्या केसांना तेल लावत होती. लहानपणी लावायची तसं, गुणगुणत. तिचा गळा माझ्या हाताच्या अंतरावर होता आणि माझी मूठ वळलेली होती. कधी वळली ते कळलं नाही. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावून बसले. ताई बाहेरून विचारत राहिली, काय झालं गं, काय झालं.

ताईला काही झालं तर मी जगणार नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही.

१६ मार्च, शनिवार

गुरुजींनी बोलावलं म्हणून गेले. जायला नको होतं.

खोक्याच्या अस्तरामागे त्यांना एक चिठ्ठी सापडली होती. गायिकेची. त्यांनी मला वाचून दाखवली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. सातवा ठोका बँडमधल्या चौघांनी स्वतः कापून काढला होता. त्या जागी जो ठोका बसतो, त्याला पुढच्या वेळी जास्त जिवंत काहीतरी लागतं, असं ती लिहिते. चौघं होतो, आता मी एकटी आहे. ती जागा कुणी भरू नका.

गुरुजी म्हणाले, चूक माझी आहे पोरी, नियम मी सांगितला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस माझ्यासमोर डोळे पुसत होता. मी मान डोलवत होते. आणि रॉड माझ्या हातात होता—

मला एकच फटका आठवतो.

रेकॉर्डिंगमध्ये चौदा आहेत. शेवटच्या काहींत हाड नाही, नुसतं ओलं. पाचवं गाणं भरलं.

१७ मार्च, रविवार

गुरुजी जिवंत आहेत, अजून शुद्धीवर नाहीत. ताईनेच त्यांचे एक्स-रे काढले. घरी येऊन जेवली नाही. जबडा, गाल, डोळ्याची खोबण, एकेक सांगत होती. म्हणाली, चोर असणार, पण चोर असं मारत नाही, असं कुणी मोजून मारतं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, तू त्या जागी एकटी जात जाऊ नकोस.

तिने माझा हात धरला. हाच हात. आत सहा पडले. थांबला—

मी सोडवून घेतला. दोन गाणी उरलीत. आणि घरात ताईशिवाय कुणी नाही.

एक उपाय आहे. ती दुकानात गेली आहे तोवर—

१८ मार्च

डाव्या हाताने लिहिते. अक्षर वाईट.

दाराच्या फटीत उजवा हात ठेवला. दार आपटलं. चार वेळा. मनगट पिठासारखं झालं. किंचाळले, पण आतून हसू आलं. आता तो हात कुणाला मारू शकत नाही. ताई वाचली. ताई वाचली.

ताईने स्वतः हाताचा एक्स-रे काढला. फोटोकडे बघताना तिचे खांदे हलत होते.

रेकॉर्डर खिशात होता. चालू होता. मी चालू केला नव्हता.

सहावं गाणं ऐकलं. मी काही न जोडताच भरलंय. माझंच हाड. ओळखू येतं.

१९ मार्च

गोळ्यांची झोप. दिवसभर. मध्ये जाग आली तर खोलीत गाणं. ताई उशाशी बसली होती, ऐकत. म्हणाली, झोपेत तू सारखी ह्यांचंच नाव घेत होतीस, म्हटलं लावून ठेवावं, तुला बरं वाटेल. कालपासून लावलंय. आता मलाही आवडायला लागलंय गं.

म्हणाली, शेवटच्या गाण्यातली ती मधली रिकामी जागा छान आहे.

मी सगळं सांगितलं. गुरुजींचंही सांगितलं. ऐकत होती. माझ्या केसांतून हात फिरवत. बोटं डोक्यावर—

सहा.

थांबली.

२०

ताई स्वयंपाकघरात गेली तेव्हा खोलीचं दार लावलं. एका हाताने टेबल सरकवलं. कडी लागली. दुपार आहे, रस्त्यावर माणसं आहेत, हाक मारते, कुणी वर बघत नाही.

ती दाराबाहेर आहे. म्हणते, औषधाची वेळ झाली, उघड बाळा. आवाज तसाच. मायेचा. रडतेय. म्हणते, मला कळत नाही गं हाताला काय होतंय, तू उघडू नकोस. मग म्हणते, उघड.

माझ्यापासून तिला वाचवलं. तिच्यापासून मला कोण—

दारावर लोखंड. सहा. थांबते. सहा. थांबते.

फळी फुटली. हात दिसतो तिचा. रक्त आहे. बिचारीचा हात—

ताई, मी आहे गं. मी तुझी

चार. पाच. सहा