वैष्णवीचे दात संशोधनात गेले त्याची हकिकत

नाशिकरोड,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप बयाआक्का,

धाकट्या खंडेरावचं तुझ्या पायांवर डोकं. सवितानेही नमस्कार सांगितला आहे (ती आत गहू निवडते आहे, पण कान इकडेच आहेत). तुझा गुडघा कसा आहे? रविराजने आणून दिलेलं तेल लावतेस, की बाटली समोर ठेवून तिच्याकडे नुसती बघत बसतेस? कांद्याची लागण आटोपली असेल. नामपूरला थंडी आमच्यापेक्षा जास्त असते, तेव्हा कानाला बांधत जा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी नात, रविराजची वैष्णवी, खुशाल आहे, कॉलेजला जाते, वेळेवर जेवते आणि तिचे दात... तर दातांसाठीच हे पत्र. जरा टेकून बैस, चष्मा पूस आणि सावकाश वाच, कारण मला स्वतःला जे अजून कळलेलं नाही ते मी तुला समजावून सांगणार आहे.

पोरीला माझ्याकडे पाठवताना तू सांगितलं होतंस की येवल्याची मंडळी बघून गेली, पैठणीचं दुकान आहे, मुलगा एकुलता एक आहे, आणि त्यांनी बोट ठेवलं ते फक्त पुढे आलेल्या दातांवर. तेव्हा वैशाखाच्या आत दात आत घेऊन टाक. मी हो म्हणालो. मला वाटलं, दात आत घेणं म्हणजे पाऊस आला की अंगणातली खाट आत घेतो तसलं काहीतरी असेल. (सविता तेव्हाच म्हणाली होती, “आधी विचारा तरी किती दिवस लागतात.” पण एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी काढलेल्या माणसाला दातासारख्या एवढ्याशा वस्तूचं काय विचारायचं असतं!)

आमच्या शेजारच्या छायाताईंनी दातांच्या कॉलेजचं नाव सुचवलं, म्हणून तिथे गेलो. तिथे डॉ. ज्योत्स्ना म्हणून एक बाई भेटल्या. त्या डॉक्टर झालेल्या आहेत आणि आणखी मोठ्या डॉक्टर होण्यासाठी परत शिकत आहेत. (हे शिकणं संपतं कधी, असं मी विचारलं, तर त्यांनी नुसता उसासा टाकला.) त्यांनी वैष्णवीच्या तोंडात लगदा भरून दातांचा ठसा घेतला, समोरून, बाजूने, सगळीकडून फोटो काढले. एक फोटो हसतानाचा हवा होता. आपल्या पोरीला तू ओळखतेस. “हस” म्हटलं की ओठ आणखी गच्च. शेवटी तो फोटो तसाच घेतला. परीक्षेला बसवल्यासारखी दिसते त्यात.

मग बाईंनी विचारलं, संशोधनात भाग घेणार का. दात सरकवायला दातांवर बारीक खिळ्यांसारखे तुकडे चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. एका प्रकारात ती तार रबराच्या इवल्याशा कड्यांनी बांधतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तुकड्याला स्वतःचं दार असतं, तार आत घालायची आणि दार लावून टाकायचं. कशाने दात लवकर सरकतात आणि कशाने कमी दुखतं, हे त्या बघणार होत्या. मी म्हणालो, “उत्तम. आमच्या मुलीला दोन्हींतलं चांगलं ते बसवा.”

“चांगलं कुठलं, तेच तर शोधायचंय काका.”

“ते खरं. पण तुमच्या मनात काय आहे?”

“माझ्या मनात काय आहे त्याचा परिणाम होऊ नये, म्हणूनच पाकीट आहे.”

आक्का, तिथे खरोखरच बंद पाकिटं होती! एक उघडायचं, आत निघेल तो गट. मी उठून उभा राहिलो. पोरीच्या तोंडात काय बसवायचं ते सोडतीने ठरवायचं? ही काय भिशीची चिठ्ठी आहे? बाई अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरने निवडलं, तर डॉक्टर नकळत सोपे दात एका बाजूला टाकतो आणि अवघड दुसऱ्या बाजूला, मग निकालाला काही अर्थ राहत नाही. मी विचारलं, “म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नाही?” त्या म्हणाल्या, “खरंच माहीत नाही.” मी खाली बसलो. आजवर इतके डॉक्टर पाहिले (तुझ्या गुडघ्याचेच किती झाले!), पण “माहीत नाही” असं तोंडावर सांगणारा एकही भेटला नव्हता. बाईंवर विश्वास ठेवावा की पळून जावं हे मला ठरवता येईना. तेवढ्यात वैष्णवीने कागद वाचूनसुद्धा काढला आणि सहीही केली. मला कुणी विचारलंच नाही. एकोणीस वर्षांची आहे, तिची सही चालते म्हणे. सही करण्याआधी तिने बाईंना हळूच काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा एकदम खुलला होता. मला वाटलं, दुखणार नाही असं सांगितलं असेल.

पाकिटातून रबराचा गट निघाला. मी खट्टू झालो. दार असलेलं ते नक्कीच वरच्या दर्जाचं असणार, कारण दार आहे. बाहेर बाकावर एका मुलाला दाराचं मिळालं होतं आणि तो त्याहून खट्टू होता, कारण रबराच्या कड्या निळ्या, हिरव्या अशा रंगांत मिळतात आणि त्याला निळ्या हव्या होत्या. मी त्याच्या आईशी बोलून परस्पर अदलाबदल ठरवून टाकली. दोन्ही घरं खूष. बाईंना हे सांगायला गेलो, तर त्यांनी डोक्यालाच हात लावला आणि अदलाबदल तिथल्या तिथे मोडून टाकली.

दुसऱ्या खेपेला त्याहून मोठा घोटाळा झाला आणि तो माझ्याच हातून झाला. चहाच्या टपरीवर डॉ. रुद्र नावाचा एक तरुण डॉक्टर भेटला, बोलायला गोड. तू विचारतेस तसं मी विचारलं, कुठले, काय, कुणाचे. तो म्हणाला, मी ज्योत्स्ना मॅडमच्या संशोधनात दातांचे साचे मोजतो. मी म्हटलं, वा! मग आमच्या वैष्णवीकडे जरा लक्ष असू द्या, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत तीच, रबराच्या गटातली. त्याने चहा अर्धाच ठेवून दिला. आक्का, मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते कळता कामा नये, असा नियम आहे! कळलं की मोजताना त्याचा हात कुठेतरी झुकतो म्हणे. आता वैष्णवीचे साचे मोजायला दुसरा डॉक्टर नेमला आहे आणि मला त्याचं नाव कुणी सांगत नाही. मी आत शिरलो की सगळे डॉक्टर एकदम हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात.

तारा बसल्यावर पहिले काही दिवस पोरीला चावता येईना. सविताने मुगाची खिचडी, शिरा, दूधभात असं सगळं केलं. किती दुखतं ते रोज कागदावर लिहायचं होतं, म्हणजे लिहायचं नाही, एक सरळ रेघ छापलेली असते, तिच्या एका टोकाला “काही दुखत नाही” आणि दुसऱ्या टोकाला “असह्य”, त्यावर खूण करायची. वैष्णवी शहाण्यासारखी मध्यावर खूण करायची. एकदा तिने मला विचारलं, “आजोबा, तुमची कंबर?” मी पेन घेतलं आणि रेघ संपल्यावरही वीतभर पुढे जाऊन खूण केली. (तो कागद चुकून कॉलेजात गेला. त्यांनी मला बोलावून विचारलं की ही मुलगी ठीक आहे ना.)

आणि मग तुझा फोन आला. दातांना जागा करायला दाढेच्या अलीकडचे चार दात काढले, हे मी तुला बोलता बोलता सांगून बसलो होतो. तू एकच प्रश्न लावून धरलास, “ते दात कोठे शेतस?” लग्नाच्या पोरीचे दात परक्याच्या हातात ठेवायचे नाहीत, कुणी काही करणी केली तर काय करशील, आजच्या आज घेऊन ये. मी “हो आक्का” म्हणालो आणि गेलो. वैष्णवीही बरोबर आली. दात तिचे होते ना.

काढलेले दातसुद्धा संशोधनात जातात हे मला तिथे कळलं. वैष्णवीने त्यालाही सही दिली होती. प्रयोगशाळेत एका बरणीत पाण्यात कितीतरी दात होते, कुणाचे ते आता देवालाही सांगता येणार नाही, कारण नावं मुद्दामच काढून टाकलेली. मी म्हणालो, घरच्या माणसाला आपला दात ओळखू येतो. बाईंनी बरणी माझ्यापुढे धरली. मी बराच वेळ पाहिलं. सगळेच आपले वाटत होते.

बाजूला एक यंत्र होतं. गुलाबी ठोकळ्यात एक दात उभा रोवलेला, त्यावर तुकडा चिकटवलेला, आणि वरून एक पातं हळूहळू खाली येऊन त्या तुकड्याला दाबत होतं. चिकटवलेला तुकडा किती जोराला सुटतो ते मोजायचं. आक्का, का कोण जाणे, पण मला खात्रीच पटली की तो दात आपल्या वैष्णवीचा आहे. पडद्यावरची रेघ वर चढायला लागली. मी आधी मनात आणि मग मोठ्याने म्हणालो, “सोडू नको! नामपूरचा आहेस! धरून ठेव!” आकडा वाढत गेला, माझ्या मुठी आवळल्या, तिथल्या दोन मुली काम सोडून जवळ आल्या आणि त्याही “धर, धर” म्हणायला लागल्या. शेवटी टक्कन आवाज झाला आणि तुकडा उडाला. मी बाईंना म्हटलं, पहिला नंबर ना? बाई म्हणाल्या, “इतकं घट्ट चिकटणं बरं नाही काका. काम संपल्यावर तुकडा काढताना दाताचा टवका उडेल.” मग चिकटावं तरी किती? “काम होईपर्यंत निघू नये, आणि काढायचा तेव्हा इजा न होता निघावा. तेवढंच.” एवढ्यात मागून कुणीतरी खदखदून हसलं. वळून बघतो तर वैष्णवी. भिंतीला टेकून, सगळं तोंड उघडून हसत होती, निळ्या कड्या, तारा, चढलेले दात सगळं दिसत होतं. बाईंनी पटकन फोटो काढून घेतला.

तर आक्का, दात आले नाहीत. करणीची काळजी करू नकोस, करणी करणाऱ्यालासुद्धा कुठला दात कुणाचा ते कळणार नाही. आणि राहता राहिली ती मुख्य गोष्ट. हे दोन वर्षांचं काम आहे. दर महिन्याला जावं लागतं, आणि एकदा सही केली की मधून बाहेर पडता येत नाही. नियमच आहे तसा, कायद्याचं कलम असणार. माझ्या हातात काही नाही. रविराजला आशीर्वाद. तेल लाव.

तुझा,
खंडू

ता. क. – वरच्या कारणामुळे वैशाखात लग्न जमणं काही दिसत नाही. येवल्याच्या मंडळींना तसं तूच कळवावंस. रविराजने कळवलं तर ते त्याला गोड बोलून पटवतील. तुला पटवणारा अजून जन्मला नाही.

ता. क. दुसरा – आजी, मी वैष्णवी. आजोबा पाकीट चिकटवायला गोंद शोधताहेत तेवढ्यात लिहिते. बाहेर पडता येत नाही हे खोटं आहे. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, कागदावर पहिल्याच पानावर लिहिलंय. आणि बाहेर पडलं तरी उपचार चालूच राहतात. मी सही करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारलं होतं की किती दिवस चालेल. त्या म्हणाल्या, दीड-दोन वर्षं. तेवढ्यात माझं बी.एस्सी. होतं. मला दात सरळ हवेत, पण ते माझ्यासाठी. दुकानात बसून पैठण्या दाखवण्यासाठी नकोत. हे मी पप्पांना सांगू शकत नाही. तुला सांगते आहे.

ता. क. तिसरा – पोरीने वर लिहिलेलं वाचलं. खरं आहे ते. या अख्ख्या पत्रात मी सगळीकडे गोंधळलेला आहे, फक्त ते कायद्याच्या कलमाचं वाक्य लिहिताना माझा काही गोंधळ नव्हता. तुला खोटं लिहिलं, माफ कर. पण आक्का, तू एकदा “आत्ता नाही” म्हणालीस तर रविराज तुझ्या शब्दाबाहेर जायचा नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. तुझं उत्तर काय ते मला पत्रानेच कळव. कृपा करून फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज आला की मी “हो आक्का” म्हणून मोकळा होतो, आणि या वेळी मला ते म्हणायचं नाही.