ताश्कंद ते न्यूयॉर्क, तेरा तास

ताश्कंद, ९ ऑक्टोबर

प्रिय इल्होमदादा,

सलाम. आई बरी आहे, गुडघे सोडून. अंगणातली डाळिंबं यंदा आधीच तडकली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र नसीबामावशींच्या बॅगेत, जर्दाळूंच्या पिशवीखाली. उद्या त्या लेकीकडे, तुझ्या न्यूयॉर्कला निघाल्यात. मोहल्लाभर विचारत फिरतायत, "तेरा तास बसूनच राहायचं? मधे कुठे उतरता नाही येत?"

तुझा निरोप काकांनी मोठ्यांदा वाचून दाखवला. मी म्हणे घराण्याचं नाक कापलं. बाबांच्या चाळिसाव्याला, पहाटेच्या पुलावाच्या जेवणाला लोक येतील तेव्हा, दारात चुलतभाऊ रुस्तम उभा राहील. मी म्हाताऱ्यांची माफी मागायची आणि आत बायकांत बसायचं.

नाही बसणार.

तू इथे नव्हतास, म्हणून सांगते. बाबा पहाटे गेले. दुपारच्या नमाजानंतर उचलायचं ठरलं. तू फोनवर म्हणालास, "आत्ता निघालो तरी तेरा तास. पोचेपर्यंत माती वाळेल." खरंय. आपल्यात दफन कुणासाठी थांबत नाही. पण लोक यायला लागले आणि दार रिकामं! मुलाने झगा घालून, कमरेला रुमाल बांधून, काठीवर टेकून रडत उभं राहायचं, तिथे रुस्तम फोनवर कुणाशी तरी गाडीच्या टायरबद्दल बोलत होता.

मी आत गेले. तुझा जुना झगा काढला, रुमाल आवळला आणि दारात उभी राहिले.

काका ओरडले, "हा काय तमाशा? सोड तो रुमाल!"

"सोडते. तुम्ही बांधा आणि रडा."

एर्गाशआजोबांनी काठी आपटली. "पोरी, बायका आत रडतात."

"आणि बाहेर कोण रडणार आजोबा, टायर?"

मागे कुणीतरी हसलं. मयताच्या दारात! तेवढ्यात मुरोद खाटीक आले. हात पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. शेवटी छातीवर ठेवला आणि माझ्यासमोर वाकले. त्यांच्या मागचे काही वाकले. काही नाही वाकले, भिंतीकडे बघत आत गेले. जाऊ देत.

तुझा झगा पायात येत होता. चाळिसाव्यासाठी माझ्या मापाचा शिवायला टाकलाय. शिंपी म्हणाला, "बायकी बेतू का?" म्हटलं, "बेत आहे तसाच बेत."

दादा, एक गोष्ट लिहायची नव्हती. तेरा तासांचं तू सगळ्यांना सांगतोस. आईला मीही तेच सांगते. पण बाबा महिनाभर अंथरुणावर होते. मी रोज कळवत होते, आणि तू रोज म्हणायचास, "काही झालं तर निघतोच." दफन तुझ्यासाठी थांबलं नाही. बाबा थांबले होते. वरून विमान गेलं की मान वळवायचे. "हे तिकडून आलं का गं?" मी हो म्हणायचे. बहुतेक मॉस्कोची असायची.

चाळिसाव्याला अजून वीस दिवस आहेत. तेरा तास त्यात मावतात. ये. आई तुझ्या गळ्यात पडेल, मीही पडेन. मग माझ्या शेजारी उभा राहा. पण उंबऱ्याजवळची पहिली जागा माझी आहे. ती मागू नकोस.

माफी न मागणारी, तरी तुझीच,
मुखलिसा