कोळशानं लिहिलेली नावं

बाबा, अकोल्याच्या म्युनिसिपालटीनं मोर्णेकाठच्या स्मशानाचा इतिहास लिहायचं काम मला दिलंय. नागपूरच्या कचेरीत पाठवायचाय म्हणे. जन्मभर मी लिहून ज्यांची टर उडवली त्यांनीच हे सांगावं, म्हणजे गावात दुसरं कोणी फुकट लिहीत नसणार. आधी अस्थींची गाडगी तिथल्या कडुनिंबाला टांगत. माकडं फोडायची, म्हणून खोली बांधली, भिंतीत कोनाडे काढले आणि राखायला तुम्हाला नेमलं. गयेला किंवा नाशिकला जाणं जमेपर्यंत गेलेला माणूस तिथे मुक्कामाला. नावांच्या चिठ्ठ्या वाळवी खायची, म्हणून तुम्ही प्रत्येक कोनाड्यावर कोळशानं नाव लिहायचात. इथवर इतिहास सरळ आहे.

मग अमरावतीच्या एका साप्ताहिकात निनावी मजकूर आला: 'अकोल्यात मेल्यावरही माणसाचं तोंड काळं होतं, अस्थींच्या खोलीच्या भिंती पाहाव्यात.' लोक हसले, म्युनिसिपालटी लाजली. तुम्ही एका लग्नाला परतवाड्याला गेलात, तेवढ्यात खोलीला चुना मारून झाला. परत येऊन तुम्ही कुलूप काढता आणि उंबऱ्यातच बसता. गाडगी जागच्या जागी, नाव एकाचंही नाही.

अंदाजानं वाटून टाका, असं म्युनिसिपालटीचे साहेब म्हणाले. तुम्ही मात्र घरोघर जाऊन खरं सांगितलंत, सगळ्यांना घाटावर बोलावलंत. तिथे एक वकील ओरडताहेत, "माया बापाच्या जागी कोनाचा बाप देऊन राह्यला रे?" तुमची मान खाली. शेवटी बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी उठली. "वकीलसायेब, माया बुढ्याले एकट्यानं कुठं जाचं म्हटलं का भेव वाटे. जाऊ द्या सगळ्यायले संगं." एकाच बैलगाडीतून गाडगी पूर्णेवर गेली. वकील चपला हातात घेऊन गाडीमागं चालत होते. तेव्हापासून तीच चाल पडली. कमिटीच्या दूरदृष्टीनं पडली, असं लिहा म्हणतात.

गाडी गेली त्या आठवड्यात मी घरी आलो होतो. जेवताना तुम्ही म्हणालात, "पेपरात लिहिनाऱ्याचा हात चांगला आहे. भिंत काळी काहून, हे माहीत नसंन बिचाऱ्याले." मी भाकरी मोडत म्हणालो, वांग्यात तिखट जास्त झालंय.

इतिहास लिहून झाला. त्यात चुना आहे, म्हातारी आहे, तुम्ही आहात. साप्ताहिकातल्या मजकुराचा लेखक 'अज्ञात' आहे. ती ओळ दोनदा खोडली, दोनदा पुन्हा लिहिली. तो मीच, बाबा. आणि भिंत काळी का, ते मला ठाऊक होतं. वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून ठेवलं.