देवाच्या नावात हेरिंग

विल्ना, मंगळवार

प्रिय फ्रूमाताई,

तुला आणि भावजींना मनापासून नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना जरा जास्तच. ब्युनोस आयर्सची हवा त्यांना मानवली का, ते कळव. माझी तब्येत बरी आहे. शब्दांची मुळं सांगणाऱ्या पेपरातल्या माझ्या स्तंभाची मात्र नुसती धुगधुगी उरली होती. तो गेला असता तर माझं काय झालं असतं! ताई, खरं सांगतो, माझी गितल वारल्यापासून (हे घर किती रिकामं झालंय ते तू पाहिलेलं नाहीस) सकाळी उठायला मला दुसरं कारणच नाही.

झालं असं, की या खेपेला मी ‘आमेन’ घेतला. (यिडिश बोलताना आपण दिवसभर तो शब्द उधळतो, पण तो हिब्रूतला, ‘पक्कं, भरवशाचं’ अशा अर्थाच्या धातूतून आलेला, हे कुणाच्या गावी नसतं.) पुराव्याला स्तोत्रातली ओळ दिली. आणि अचूकपणाचा माज बघ, देवाचं जे नाव सगळे पेपर एका अक्षरावर भागवतात, ते मी चारही अक्षरांनिशी लिहिलं! छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं ते निमूट जुळवलं.

आता आमचा शुक्रवारचा पेपर खपतो कशाला, तर हेरिंग बांधायला. मासळीबाजारातल्या झ्लाटानं (तिचा आवाज नदीपलीकडे जातो) माशाखाली ती ओळ पाहिली आणि बोंब ठोकली, “अगं बायांनो, देवाच्या नावात मासे बांधू होय? हात झडतील माझे!” झालं! बायका संध्याकाळी लागणाऱ्या सब्बाथची मासळी एप्रनमध्ये धरून घरी गेल्या. ते नाव असलेला कागद फेकायचा नाही, जाळायचा नाही; म्हणून दिवस मावळायच्या आत सिनेगॉगच्या माळ्यावर, फाटक्या प्रार्थनापुस्तकांशेजारी, कॉर्सेटच्या जाहिरातींसकट आमचा पेपर रचला गेला. तिथला रखवालदार रेब नोसन मला म्हणाला, “पंडित, उंदरांना जागा ठेवली नाहीत तुम्ही.” संपादक गेर्शुनींनी तर सरळ बजावलं, की मासळीवाल्या माफ करतील तर लिहा, नाहीतर स्तंभ संपला.

आज सकाळी ते सगळे गठ्ठे कापडात गुंडाळून, जुन्या पोथ्यांबरोबर रिवाजाप्रमाणे कब्रस्तानात पुरले. मी मागून चालत होतो, आपल्याच मयतीला आल्यासारखा. खड्ड्याशी झ्लाटा उभी होती. मी मान खाली घालून तिची माफी मागितली.

“माफी राहू द्या,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तुमच्यात मासे बांधले, वाचलं कधी नाही. या खेपेला बांधता येईना, टाकता येईना, मग वाचलं. अख्ख्या बाजारानं वाचलं. माझ्या गेलेल्या म्हाताऱ्यासाठी रोज आमेन म्हणते, आता समजून म्हणते.” मग डोळे पुसून गरजली, “लिहा हो तुम्ही, मी सांगते गेर्शुनीला! पण पुन्हा देवाला मध्ये आणलंत तर कानाखाली काढीन. धंदा आहे आमचा!”

ताई, मी तिथंच रडलो. लोक समजले, पोथ्यांसाठी रडतोय.

तुझा धाकटा,
हिर्श-बेर

ता. क. स्तंभ वाचला. गेर्शुनींनी तो आता पानाच्या मधोमध हलवलाय. तिथं मासा बरोबर बसतो.

आणखी एक ता. क. या पत्रात देवाचं नाव कुठंही पूर्ण लिहिलेलं नाही, नीट तपासलंय. तेव्हा वाचून झालं की खुशाल फेकून देता येईल. पण फेकू नकोस गं.