खंडेनवमीची साफसफाई

बसवनगुडी, बंगळूर
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९८

ती. मधुकरमामांना अवधूतचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता वळतो आणि कस्तुरीमामींच्या संगणक वर्गाला विद्यार्थी वाढले, हे आईने कळवलं. माझी प्रकृती उत्तम आहे. नोकरीचं सांगता येत नाही.

आमच्या कचेरीत सर्व्हर नाही (साहेबांच्या मते ती पुढच्या वर्षीची गोष्ट). म्हणून मी एक व्यवस्था सुचवली. प्रत्येकाच्या कामाचे तुकडे करायचे, त्यांना कुलूप घालायचं आणि प्रत्येक तुकडा तीन सहकाऱ्यांच्या यंत्रांवर ठेवायचा. एक यंत्र बिघडलं तरी दोन उरतात. सांभाळणाऱ्यालाही आपण काय सांभाळतो ते कळू नये, हा माझाच आग्रह. साहेब खूश झाले. पहिलं काम माझंच ठेवलं: बँकेसाठी लिहिलेला, गणपतीआधी पुरा केलेला प्रोग्राम. तो पुढच्या शुक्रवारी बँकेला दाखवायचा आहे. त्यावर मी इथे कायम होतो की पुण्याला परततो, ते ठरेल. माझ्या यंत्रावरची प्रत मी पुसून टाकली (आपल्याच व्यवस्थेवर आपला भरवसा नाही, असं दिसू नये म्हणून).

मग खंडेनवमी आली. इथे कचेरीतली आयुधं म्हणजे संगणक, आणि आयुध पूजेआधी स्वच्छ हवं. हिशेबाच्या जयतीर्थांनी (यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इथे आले, हे ते पगारवाढ मागतानाही सांगतात) यंत्र बाहेरून फडक्याने पुसलं आणि आतून ओळखू न येणाऱ्या सगळ्या फायली काढल्या. सत्यवतीअक्कांनी तेच केलं. रघुनंदननेही. माझे तुकडे नेमके याच तिघांकडे होते. कुलूप घातलेले तुकडे कचऱ्यासारखेच दिसत होते.

"स्वल्प कचरा होता अण्णा, काढून टाकला," जयतीर्थ म्हणाले. "तसल्यावर कुंकू लावायचं काय?"

"तो माझा होता."

"मग नाव घालायचं की हो!" सत्यवतीअक्का म्हणाल्या.

"नाव घातलं असतं तर गुप्त कसं राहिलं असतं?"

"आता राहिलं की," रघुनंदन म्हणाला.

नंतर कोहळा फोडला आणि चुरमुरे वाटले. साहेबांनी माझ्या व्यवस्थेची सर्वांसमोर तारीफ केली. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
अवधूत

ता. क. गणपतीला आलो तेव्हा त्या प्रोग्रामची एक फ्लॉपी मामींच्या कपाटात ठेवून गेलो होतो (भरवसा मलाही नव्हता). ती आजच्या आज कुरियरने पाठवा. तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

पुन्हा ता. क. मामी वर्गात कोऱ्या फ्लॉप्या वाटतात, त्यांना आधी थांबवा. कुणी उघडून पाहू नये म्हणून तिच्यावर मी 'कोरी' असं लिहिलं आहे.