राजपुत्राच्या अंगावरचं घोंगडं

सांगली, रविवार, १२ डिसेंबर १९७६

आज तालमीत जे झालं ते डोक्यातून जातच नाही. नाताळच्या नाटकात मी राजपुत्र. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला तो, ज्यानं आपला झगा काढून मेंढपाळ मित्राला दिला, पुढं राज्यही त्यालाच मिळणार हे ठाऊक असूनही. मेंढपाळ झालाय माझ्या वर्गातला सिद्धू. जतचा, खरोखरच्या मेंढरांच्या घरातला. घोंगडंही घरचंच.

मी झगा काढून पुढं केला. तो घालायला सिद्धूनं घोंगडं उतरवलं आणि थेट माझ्या खांद्यावर टाकलं. कुणी शिकवलं नव्हतं.

तालीम घेणारे चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "अरे, शास्त्रात असं लिहिलेलं नाही."

"नसंल, सायेब. पर त्यानं अंगावरचं काढून दिलं, तर त्याला थंडीत उघडाच ठिवायचा व्हय?"

साहेब हसले. "राहू दे तसंच."

लय भारी दिसणार हे. मला का नाही सुचलं? महिनाभर मी नुसता देणाऱ्याचा तोरा मिरवत होतो.

आणि लिहिता लिहिता आत्ता बघतोय, घोंगडं अजून माझ्याच अंगावर आहे. सिद्धू नुसत्या सदऱ्यावर सायकल मारत मामाच्या घरी गेला.